सहा वाजता, ठोकून, त्रेसष्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या पुठ्ठ्याच्या कारखान्याचे चेअरमन साहेब, व्यासपीठावरचे उत्पादन व्यवस्थापक, कामगार संघटनेचे सरचिटणीस, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते बॉयलर-घरातले आपले मामा, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, तिन्ही पाळ्यांमधले माझे सहकारी, आणि ज्यांची पाळी आत्ता चालू असल्यामुळे जे दारात अर्धे आत, अर्धे बाहेर उभे आहेत ते सर्व बंधू-भगिनींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालकांनी ती घड्याळ दाखवून दिलेली आहेत. मी ती पाळणार नाही, हे आधीच सांगतो. माझ्या बोलण्यात थोडी चिडचिड जाणवेल. ती मामांवर नाही. बरीचशी माझ्यावर आहे, थोडी सरकारी खात्यावर आहे, आणि उरलेली व्यासपीठावर आहे. निरोपाच्या कार्यक्रमात चिडू नये असा संकेत आहे. पण गेले आठ दिवस मी ऑफिसात, बसमध्ये आणि घरी चिडूनच आहे, तेव्हा इथे येऊन गोड चेहरा केला तर तो मामांना लगेच ओळखू येईल. खोटा आकडा ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

मला सगळे ओळखतातच. मी नोंदी विभागात आहे. रोज सकाळी टेबलाशी बसलो की कामाला हात लावण्याआधी मी मिनिटभर डोळे मिटतो. काहीजण म्हणतात, झोपेचा उरलेला भाग पूर्ण करतो. तसं नाही. आज आपल्या हातून कोणावर अन्याय होऊ नये, एवढंच मी मनात म्हणतो. गावच्या शाळेत आम्हाला तशी सवय लावली होती. हे सांगायचं कारण असं, की अकरा वर्षं मी हे रोज म्हणत होतो, आणि डोळे उघडले की लगेच एका माणसावरचा अन्याय कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतो. आता तो कसा, ते सांगतो.

मामा अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर. मामींच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या म्हणून त्यांनी कायमची पहिली पाळी मागून घेतली होती. सकाळी सहा ते दुपारी दोन. कारखान्यात त्यांना दोन नावं आहेत. तोंडावर 'मामा'. पाठीमागे 'उधळे मामा'. आता हसू नका. मीही म्हणायचो. का उधळे? कारण त्यांच्या पाळीत तेल जास्त जळतं. बॉयलर तोच, पाणी तेच, पुठ्ठा तेवढाच, पण टाकीच्या काट्यावर बघितलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत अकरा-अकरा अंक तेल लागतं आणि मामांच्या पाळीत चौदा. दर महिन्याला, दर वर्षी. त्यासाठी मामांना दोनदा लेखी समज दिलेली आहे. ऊर्जा बचतीची ढाल नऊ वेळा तिसऱ्या पाळीकडे गेली, बाकीच्या वेळा दुसऱ्या पाळीकडे. पहिल्या पाळीच्या भिंतीवर ढालीसाठी एक खिळा ठोकलेला आहे. त्याच्यावर मामा टोपी अडकवतात.

ही जुनी गोष्ट झाली. आता नवी.

तीन महिन्यांपूर्वी सरकारी खात्याने एक मसुदा काढला. प्रत्येक कंपनीने किती इंधन जाळलं, किती वीज वापरली, धुराड्यातून कोणते तापमान वाढवणारे वायू किती सोडले, हे दर वर्षी सक्तीने जाहीर करायचं. हेतू उत्तम आहे. उन्हाळे कसे झालेत ते आपण बघतोच, आणि आपलं धुराडं किती ओकतं ते आपल्याला तरी कळायला नको का? नियम करण्याआधी जनतेचं मत मागवलं, हेही उत्तम. पण मागवलं कसं? मसुदा एकशे सदतीस पानांचा. प्रश्न त्रेसष्ट. एक सोडून प्रत्येकापुढे तीन गोल: सहमत, असहमत, मत नाही. गोल भरता भरता वीस मिनिटं झाली की वेबसाइट आपल्याला बाहेर काढते आणि भरलेलं सगळं पुसून टाकते. मी चार वेळा पुसला गेलो. पाचव्या वेळी बायको म्हणाली, "अहो, सगळीकडे 'मत नाही' करा आणि जेवायला या." जनतेचं मत बहुधा असंच तयार होत असावं.

आपल्या कंपनीच्या वतीने उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं. कॉम्प्युटरवर अक्षराचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

एक्केचाळिसावा प्रश्न असा होता: तुमच्याकडे इंधनवापरात तफावत दिसते का, कारण काय, उदाहरण द्या, पाचशे अक्षरांत. मला आनंद झाला. त्रेसष्टमधला हा एकच प्रश्न असा होता की ज्याला गोल नव्हता, आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी लिहिलं, 'आमच्या पहिल्या पाळीत इंधन इतर पाळ्यांपेक्षा चौथ्या हिश्श्याने जास्त जळते. यंत्र तेच असल्याने कारण चालकाची वैयक्तिक सवय हे होय.' व्यवस्थापक साहेबांनी वाचलं, "छान, नेमकं आहे" म्हणाले. चेअरमन साहेबांची डिजिटल सही झाली. उत्तर गेलं. आणि मसुद्याच्या पान एकशे तीसवर बारीक अक्षरांत असं आहे, की आलेलं प्रत्येक उत्तर खातं जसंच्या तसं जाहीर करणार. कोणीही, कुठूनही, केव्हाही वाचू शकेल. आपल्या कारखान्यात पहिल्या पाळीला बॉयलरवर एकच माणूस आहे. नाव लिहायची गरजच नाही.

मग जनसुनावणी आली. मी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून गेलो. दोनशे खुर्च्यांचं सभागृह, माणसं अकरा, त्यातले चार खात्याचेच. आणि मागच्या रांगेत, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचा सदरा घालून मामा. म्हटलं, मामा, तुम्ही इथे कसे? म्हणाले, "तुम्हीच गेटवर कागद लावलात ना, सगळ्यांनी यावं म्हणून? मी सगळ्यांतला आहे."

त्यांनी चिठ्ठी भरली. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग घंटा. मामा उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही आकडे मागताय, ते चांगलंच आहे. पण काटा ठोकून वाचायचा की न ठोकता, ते यात कुठे दिसलं नाही."

अधिकारी म्हणाले, "आपली सूचना कोणत्या कलमावर आहे?"

"काट्यावर आहे."

"काट्याचं कलम नाहीये."

"मग निदान शेऱ्याचा एक रकाना ठेवा," मामा म्हणाले. "आकड्याशेजारी माणसाला दोन शब्द लिहिता आले पाहिजेत."

"फॉर्मचा नमुना निश्चित झालाय, काका." आणि घंटा वाजली. अधिकाऱ्यांच्या शेजारच्या बाईंनी वहीत लिहिलं, 'सूचना विषयाबाहेरील.' मी स्वतः वाकून पाहिलं. अकरा माणसांत विषयावर बोलणारा हा एकच माणूस होता.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, "मामा, हे काट्याचं काय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. म्हणाले, "अकरा वर्षं रजिस्टर तुम्हीच उतरवून घेताय ना?"

मंडळी, पुढच्या तीन थांब्यांत मामांनी मला तो काटा समजावून सांगितला.

ज्यांनी बॉयलर-घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलाच्या टाकीत एक पोकळ गोळा तरंगतो. तेल उतरलं की गोळा नळीतून खाली येतो आणि बाहेरच्या तबकडीवरचा काटा उतरतो. पण आपलं तेल जाड, नळी जुनी. गोळा चिकटतो. तेल खाली गेलं तरी काटा वरच लोंबकळत राहतो. पान्ह्याच्या दांड्याने नळीवर तीन टिचक्या मारल्या की तो खऱ्या जागी येतो. मामा मारतात. दुसरी आणि तिसरी पाळी मारत नाही, कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आता सकाळचे सहा वाजले आहेत असं धरा. तिसरी पाळी जाताना काटा बघते, पासष्ट लिहिते. मामा येतात, टिचक्या मारतात, काटा त्रेसष्टवर येतो. पण आपला नियम असा, की मागच्या पाळीचा शेवटचा आकडा तोच पुढच्या पाळीचा पहिला. म्हणून मामांच्या माथी पासष्टच. दोन वाजेपर्यंत ते बारा अंक तेल जाळतात. निघताना पुन्हा टिचक्या मारून लिहितात एक्कावन्न. पासष्टमधून एक्कावन्न गेले, राहिले चौदा. दोन दुसऱ्यांचे, बारा स्वतःचे, आणि नाव उधळे.

बरं, हे त्यांनी लपवून ठेवलं होतं का? मी बसमधून उतरलो तो थेट नोंदी विभागात गेलो आणि रजिस्टर काढलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात रोज, पहिल्या पाळीपुढे, मामांच्या अक्षरात: 'सहा वाजता, ठोकून, त्रेसष्ट.' दुसऱ्या दिवशी, 'सहा वाजता, ठोकून, सत्तावीस.' त्याच्या दुसऱ्या दिवशीही. अठ्ठावीस वर्षं. आपली सुट्टी सोडून एक दिवस चुकलेला नाही. आणि मी अकरा वर्षं त्या रजिस्टरमधून तारीख घेतली, पाळी घेतली, पहिला आकडा घेतला, शेवटचा आकडा घेतला आणि शेरा सोडून दिला. का सोडला? कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात शेऱ्याला जागा नव्हती म्हणून. खात्याच्या माणसांवर मी कोणत्या तोंडाने रागावतो, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारतोय.

आमचे गुरुजी गणिताच्या उत्तराला निम्मे गुण द्यायचे आणि निम्मे पडताळ्याला. पाटीवर खाली पडताळा नसेल तर बरोबर उत्तरसुद्धा अर्धं. इथे मामा रोज पडताळा लिहीत होते आणि मी तो पुसत होतो.

सहा दिवस बसून मी ती सगळी रजिस्टरं शेऱ्यासकट पुन्हा मांडली. तिन्ही पाळ्यांचा वापर सारखा येतो. बारा, बारा, बारा. कुठे अर्ध्या अंकाचा फरक. तिसऱ्या पाळीच्या दादांना दाखवलं. ते बोटाने एकेक ओळ तपासत गेले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही नऊ ढाली नुसत्या काटा बघून जिंकल्या?" दादा तिथे खांबाशी उभे आहेत. त्यांचा यात दोष नाही, आणि ढाली परत करायची तयारी त्यांनी दाखवली आहे. मामा म्हणाले, "नको, माझ्याकडे खिळा एकच आहे."

मी मामांना विचारलं, पहिला मेमो आला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? तर बोलले होते. लेखी बोलले होते. फाइलमध्ये आहे: 'काटा अडकतो. ठोकून वाचावा. नळी बदलावी.' त्यावर तेव्हाच्या सुपरवायझरचा लाल शाईतला शेरा आहे, 'सबबी सांगू नयेत.' बघा, लाल शाईला बरोबर रकाना सापडतो. दुसऱ्या मेमोला मामांनी उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, "एकदा सांगितलं ती माहिती असते. दुसऱ्यांदा सांगितलं की तक्रार होते. मी आपलं रजिस्टरात लिहीत राहिलो. म्हटलं, कधीतरी कोणीतरी वाचेलच." तो कोणीतरी पगारावर होता, टेबलाशी होता, डोळे मिटून बसला होता.

हे सगळं घेऊन मी व्यवस्थापक साहेबांकडे गेलो. साहेब, आपण समोर आहात म्हणूनच बोलतो, पाठीमागे बोललेलं मला आवडत नाही. मी म्हटलं, एक्केचाळिसावं उत्तर दुरुस्त करू. आपण म्हणालात, "आता जाऊ द्या ना. ते निवृत्तच होताहेत. आता त्यांना काय फरक पडतो?"

साहेब, मी त्या वाक्यावर दोन दिवस विचार केला. निवृत्त झालेल्या माणसाला काय फरक पडतो? नोकरी चालू असते तेव्हा माणूस उद्याही येणार असतो, उद्याही टिचकी मारणार असतो, त्यामुळे आजचं खोटं उद्या पुसलं जाईल अशी आशा तरी असते. आज दोननंतर मामा रजिस्टरात काहीच लिहू शकणार नाहीत. आता त्यांच्याबद्दल जे लिहिलेलं राहील तेच राहील. फरक आजपासूनच पडायला लागतो. आणि नियम नीट व्हावा म्हणून आपण जे उत्तर पाठवलं, तेच न ठोकलेल्या काट्यावरचं आहे. त्यावरून उद्या एखादा हुशार माणूस लिहील, की कारखान्यांतलं तेल कामगारांच्या सवयींमुळे वाया जातं. आणि त्याला पुरावा आपला.

तेव्हा मी खात्याच्या मदत क्रमांकावर फोन केला. सत्तेचाळीस मिनिटं मी एकच धून ऐकली. मग एक बाई म्हणाल्या, दुरुस्ती करता येते, मुदत संपेपर्यंत. फक्त ज्यांची सही आहे त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते भरावे लागतील. दहा मिनिटांत. सही चेअरमन साहेबांची. चेअरमन साहेब आठवडाभर बाहेरगावी. आज दुपारी आले ते थेट या खुर्चीवर. आणि मुदत आज संध्याकाळी सहा वाजता संपते.

आता पाच वाजून बावीस मिनिटं झाली आहेत.

आमच्या ऑफिसातल्या ताई दाराशी लॅपटॉप घेऊन उभ्या आहेत. नवं उत्तर त्यात लिहून तयार आहे. लहान आहे, वाचून दाखवतो. 'प्रश्न एक्केचाळीस. आमच्या आधीच्या उत्तरात दिलेली तफावत चुकीची होती. ती मोजण्याच्या पद्धतीमुळे दिसत होती. पहिल्या पाळीचे चालक काटा ठोकून वाचत, इतर पाळ्या न ठोकता. खरा वापर सर्व पाळ्यांत समान आहे. त्या चालकांनी अठ्ठावीस वर्षे लिहिलेल्या शेऱ्यांमुळेच हे सिद्ध करता आले. म्हणून आमची सूचना: अहवालाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना असावा.' बस. अजून शंभरावर अक्षरं शिल्लक आहेत.

ताई, दाबा.

सूत्रसंचालकांनी मोबाइल बंद ठेवायला सांगितलं होतं. ती विनंती मी त्यांच्या वतीने मागे घेतो. अध्यक्ष महोदय, आपल्या खिशात आत्ता वाजलं ते हेच. सही आपली आहे, आकडे आपल्याकडे आले आहेत, निर्णयही आपलाच. मी फक्त इथे उभा आहे.

चेअरमन साहेब विचारताहेत, कायदा सल्लागारांना दाखवलं का? नाही दाखवलं, साहेब. पहिलं उत्तरही नव्हतं दाखवलं.

मामा म्हणताहेत, "राहू द्या हो, कशाला साहेबांना..."

आणि मामी काय म्हणाल्या ते मागे ऐकू गेलं नसेल. मी सांगतो. मामी म्हणाल्या, "राहू कशाला द्यायचं? अठ्ठावीस वर्षं हे घरी येऊन मला विचारताहेत, मी खरंच जास्त जाळतो का गं?"

साहेब चष्मा शोधताहेत. व्यवस्थापक साहेबांनी स्वतःचा काढून दिला. आभारी आहे, साहेब. मनापासून.

चार. सात. शून्य. दोन. दोन. नऊ. ताई, मिळालं? मामा काय म्हणताहेत? "एकदा पुन्हा वाचून घ्या, पहिल्या वाचनावर जाऊ नका." बरोबर आहे. साहेब, कृपा करून पुन्हा एकदा. चार, सात, शून्य, दोन, दोन, नऊ. तेच आलं.

ताईंनी मान हलवली. गेलं.

टाळ्या थोड्या आवरा, मला एकच सांगायचं राहिलंय. आज सकाळी सहा वाजता मी बॉयलर-घरात गेलो होतो. मामांचा पान्हा नळीशेजारी दोरीने टांगलेला आहे, ते तो तिथेच ठेवून जाताहेत. तिसऱ्या पाळीच्या दादांनी निघताना तो उचलला, तीन टिचक्या मारल्या आणि आकडा लिहिला. मग मामांनी टिचक्या मारल्या. काटा हलला नाही. मामांनी पेन काढलं, शेऱ्याच्या रकान्यापाशी नेलं, आणि टोपण लावून खिशात ठेवलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा रकाना कोरा आहे. ते पान मी आज दुपारी, त्या कोऱ्या रकान्यासकट, जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे.

अध्यक्ष महोदयांचे, व्यासपीठाचे, मामा-मामींचे आणि दारात उभं राहून ऐकणाऱ्यांचे मी आभार मानतो. पाळीवरच्या माणसांनी आता परत जावं, बॉयलर वाट बघत नाही. पाचाच्या जागी मी बरीच मिनिटं घेतली, मोठ्यांना तोंडावर बोललो, लहान तोंडी मोठा घास घेतला. जे उणंअधिक झालं असेल त्याची क्षमा असावी, आणि क्षमा करणं जमत नसेल त्यांनी माझ्या नावापुढे तसा शेरा लिहावा. तो आता वाचला जाईल. नमस्कार.